शनिवारी कोण?

शनवारकाकांचा मोबाइल दर शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी पोह्यांच्या डब्यात जायचा. डबा स्टीलचा, झाकण असं घट्ट की उघडायला चमच्याची दांडी घालावी लागे. शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या मोजून झाल्या की मोबाइल बाहेर निघायचा. काका आधी त्यावरची पोह्यांची कणी फुंकरून काढायचे आणि मग कोणाकोणाचे फोन येऊन गेले ते बघायचे. मी एकदा विचारलं, "काका, घरात कपाट आहे, खण आहेत, पोह्यांच्याच डब्यात कशाला?" तर म्हणाले, "शनिवारी आमच्याकडं चूल पेटत नाय. चूल नाय म्हंजे पोहे नाय, आणि पोहे नाय म्हंजे डबा कोण उघडणार? रोह्यात याच्यापेक्षा मजबूत तिजोरी असली तर मला दाखव."

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू; शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या संध्याकाळपर्यंत ते कसलंच काम करत नाहीत. आपल्या रायगडात पूर्वी गावोगाव या लोकांची घरं होती. आता बहुतेक सगळे इस्रायलला गेले आणि रोह्यात बोटांवर मोजण्याइतकी घरं उरली आहेत. काकांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता, तो शनिवारी बंद. नातू कॉम्प्युटरवर बसला तरी शनिवार बंदच राहिला. म्हणून मी काम करते ते सगळं इस्पितळ त्यांना शनवारकाका म्हणायचं आणि त्यांनाही ते आवडायचं. धाटावच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी कॉम्प्युटर सांभाळण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर आमच्या ट्रस्टच्या छोट्या इस्पितळाने सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा मोठा कॉम्प्युटर, बघायला त्यांना बोलावून घेतलं. मी पेणची, वडिलांची पोह्यांची गिरणी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून त्यांच्या हाताखाली लागायला आले, तेव्हा मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला, "पेणची म्हंजे पोहे चांगले आणशील ना?" मी मनात म्हटलं, कुठे येऊन पडले मी!

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की काका जाणार आहेत. मुलगी इस्रायलात, तिला मुलगी झालेली. ती नात मावशींनी, म्हणजे काकांच्या बायकोने, फक्त मोबाइलच्या पडद्यावर पाहिलेली. दोघांचे कागद तयार होते. सर्व्हर सांभाळणारं माणूस तयार झालं की निघायचं, एवढंच बाकी होतं आणि ते माणूस म्हणजे मी. मावशी मला जेवायला बोलवायच्या, ताटात जास्तीचं वाढायच्या आणि विचारायच्या, "शिकलीस गो सगळं? किती राह्यलं अजून?" मी शिकायला जितके दिवस लावीन, तितके दिवस ती नात पडद्यातच राहणार होती.

माझ्या पहिल्याच महिन्यात इस्पितळात नवा सर्व्हर आला. त्यावर मशीन चालवणारं नुसतं युनिक्स, बाकी कोरी पाटी. काका म्हणाले, "याच्यावर काय काय चढवायचं त्याची यादी कर. जे लागेल तेवढंच." मी हौसेने दोन दिवस बसून एकेचाळीस प्रोग्राम लिहून आणले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून सगळी यादी वाचली, एकही नाव गाळलं नाही, आणि म्हणाले, "छान. रुखवत मांडलंयस." मग गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान फाडलं, उलटं केलं आणि पट्टीने तीन रकाने आखले. पहिल्यावर लिहिलं 'काय', दुसऱ्यावर 'कशाला' आणि तिसऱ्यावर 'शनिवारी कोण'.

तो तिसरा रकाना मी तोवर कुठल्या पुस्तकात पाहिला नव्हता. काका शनिवारी नसणार, पण इस्पितळ असणार. मग त्या दिवशी ते हत्यार, म्हणजे तो प्रोग्राम, कोण चालवणार, त्याचं नाव तिथे पाहिजे. नाव नसेल तर प्रोग्राम कितीही गुणी असो, सर्व्हरवर चढायचा नाही. माझी एकेचाळीस नावं त्या रकान्यापाशी येऊन अशी गळली की मला रडू यायचं बाकी होतं. काही तर काकांचे स्वतःचे आवडते प्रोग्राम होते, कंपनीत वर्षानुवर्षं वापरलेले. तेही त्यांनी खोडले. मी म्हटलं, "हे तर तुम्हाला झोपेतसुद्धा येतात!" तर म्हणाले, "म्हणूनच. फक्त मलाच चालवता येतं ते हत्यार नाय गो, ते माझं कौतुक. इस्पितळाला माझं कौतुक काय कामाचं?"

शेवटी नऊ उरले. बाहेरून कुलूप उघडून आत यायचा एक. फाइली दुरुस्त करायचा एक, अगदी साधा. रोजच्या नोंदींची नक्कल दुसऱ्या मशीनवर नेऊन ठेवणारा एक. सर्व्हरचं घड्याळ बरोबर ठेवणारा एक, कारण काका म्हणायचे, "घड्याळ चुकलं तर रक्ताचा रिपोर्ट पेशंटच्या आधी पोचायचा." लाइन मध्येच तुटली तरी चालू काम न तुटू देणारा एक, आणि तो आमच्याकडे रोज लागायचा. डिस्क कोणी किती खाल्ली ते दाखवणारा एक. असे करत आठ झाले. नववा एलसॉफ नावाचा, त्यावरून आमचं वाजलं. कुठली फाइल कोणत्या प्रोग्रामने धरून ठेवली आहे, एवढंच तो सांगतो. मी म्हटलं, "हे जाणून काय करायचंय? फाइल नको असेल तर पुसून टाकायची." काकांनी त्याच्यासमोर तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मी अख्खा दिवस त्यांच्याशी बोलले नाही, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नाही.

त्या नऊ ओळींच्या खाली त्यांनी दहावी ओळ लिहिली होती. 'काय' मध्ये स्वतःचं नाव, 'कशाला' मध्ये 'अडलं तर विचारायला', आणि तिसरा रकाना कोरा. ते पान सर्व्हरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. खोली म्हणजे पूर्वीची बँडेजं ठेवायची जागा, अजूनही तिथे स्पिरिटचा वास यायचा. मी पान नीट वाचलं आणि मला चूक सापडल्याचा आनंद झाला. "काका, तुमच्याच नियमाने तुम्ही बाद! तुमचा तिसरा रकाना कोरा आहे." ते मोठ्याने हसले. "व्हय की. पण काढलं तर काय अडतंय ते बघायला पायजे ना आधी. तू सांग, काढू?" मी घाईघाईने नको म्हटलं.

खंडेनवमीला सगळ्या इस्पितळात हत्यारांची पूजा व्हायची. ऑपरेशनची कात्री, रुग्णवाहिकेचं स्टिअरिंग, स्वयंपाकघरातली विळी, सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. सर्व्हरलाही लागायचं. काका पूजा करायचे नाहीत, पण कोणाला अडवायचेही नाहीत. एवढंच म्हणायचे, "फूल वरती ठेवा, जाळीवर नको. देव पावेल, पण मशीन तापेल." आणि त्या दिवशी ते त्यांच्या पद्धतीने हत्यारं पुसायचे. पेन घेऊन कपाटासमोर उभे राहायचे आणि यादीतल्या एकेका नावाला विचारायचे, "तुला काढलं तर काय अडेल?" वर्षभरात कोणी वापरलं नसेल ते त्या दिवशी खोडायचं आणि सर्व्हरवरून उतरवायचं, असा नियम. एलसॉफ दोनदा मरता मरता वाचला. दोन्ही वेळा काका म्हणाले, "राहू दे. हिच्या नावावर हाय."

या दोन वर्षांत त्यांचं जाणं तीनदा पुढे ढकललं गेलं. पहिल्यांदा त्यांची तब्येत बिघडली, ते ठीक. पुढच्या दोन्ही वेळांना जबाबदार मी. तारीख जवळ आली की मला काहीतरी यायचं बंद व्हायचं. मी म्हणायचे, "काका, अजून एक महिना. नकलेचं मला अजून नीट कळलं नाही." ते कळलेलं होतं. पण सकाळी पेणहून येताना गडबपाशी ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या एसटीत बसलं की मनात यायचं, आज जाऊ आणि खोलीत काका नसतील. काका नुसते मान हलवायचे आणि घरी जाऊन मावशींना सांगायचे, पुढच्या महिन्यात बघू. त्याबद्दल मावशींनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. ताटात वाढणंही कमी केलं नाही. त्यापेक्षा दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

मग तो शनिवार आला. आदल्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, काका चार वाजता घरी गेल्यावर मी एक पराक्रम केला होता. पुण्याच्या मैत्रिणीने एक प्रोग्राम सांगितला होता. तो सर्व्हरवर सतत नजर ठेवतो आणि रंगीत आलेख काढून दाखवतो. मला वाटलं, हा असला की काकांवाचून माझं अडणार नाही. मी तो चढवला, बारीकसारीक सगळं नोंदवायला सांगितलं आणि खुशीत सहाची गाडी पकडून पेणला आले. यादीत लिहिलं नाही. लिहिलं असतं तर 'कशाला' मध्ये काय लिहायचं तेच मला सुचलं नसतं.

सकाळी आठला पोचले तर डायलिसिसच्या खोलीबाहेर गर्दी. शनिवारी पहिल्या पाळीला कोलाड, खांब या गावांकडची माणसं येतात. मागच्या वेळी कोणाचं वजन किती होतं, कोणाला औषध किती दिलं, ते सगळं सर्व्हरवर, आणि सर्व्हर मुका. डॉक्टर म्हणाल्या, "अंदाजाने मी कोणाला मशीनवर लावणार नाही. तासभर थांबते, फार झालं तर दीड." मी घाबरून सर्वांत मोठी चूक केली, सर्व्हर बंद करून परत चालू केला. आता पेशंटच्या नोंदींचा प्रोग्राम उठेचना. बाकावर खांबचे एक आजोबा बसले होते, ते म्हणाले, "बाय गो, घाई करू नको. पंखा चालू हाय, आमी बसतो." त्यांचे पाय सुजलेले होते. मी तशीच उठले आणि काकांच्या घराकडे धावत सुटले.

दार उघडंच होतं. काका पांढरी टोपी घालून ओटीवर बसले होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, रंगीत आलेखांचं सोडून. ते मला एकदा म्हणाले होते, शनिवारपेक्षा माणसाचा जीव मोठा, जिवावरचं असेल तर खुशाल दार वाजव. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "खरं सांग. त्यांचा जीव अडलाय, का तू अडलीयस?"

मला खोटं बोलता आलं असतं. ते तेव्हाच उठून आले असते. पण त्यांच्या मागे दारात मावशी उभ्या होत्या, आणि मला माझं ते दोन वेळचं खोटं आठवलं. मी म्हटलं, "मी अडलेय."

"मग जा," काका म्हणाले. "कपाट उघड, कागद वाच. हात मागे बांध आणि आधी नुसतं बघ. तासाभरात नाय जमलं तर परत ये. मी येऊन कीबोर्डवर बसतो, देवाशी काय बोलायचं ते माझं मी बघेन."

मी परत आले. कपाट उघडलं. खरोखरच हात मागे बांधले. यादी वरून वाचत आले. डिस्क कोणी खाल्ली ते दाखवणारा प्रोग्राम चालवला. डिस्क काठोकाठ भरली होती आणि ती माझ्या रंगीत पाहुण्याने भरली होती. रात्रभर प्रत्येक श्वासाची नोंद करत त्याने एक अजस्र फाइल लिहिली होती. नोंदींच्या प्रोग्रामला अक्षरभर जागा उरली नव्हती. म्हणजे गुन्हेगार सापडला, आणि तो मीच होते. मी ती फाइल पुसली. परत मोजलं. जागा होती तितकीच, शून्य! फाइल दिसत नव्हती, पण तिची जागा सुटत नव्हती. घड्याळात पस्तीस मिनिटं झाली होती आणि मला वाटलं, संपलं, आता काकांना बोलवायचं.

यादीत खाली नववी ओळ होती. एलसॉफ. 'कशाला' मध्ये काकांच्या वळणदार अक्षरात: 'पुसलेली फाइल कोणीतरी धरून ठेवलेली असते तेव्हा, कोणी ते बघायला.' आणि समोर माझं नाव. मी चालवला. एका ओळीत उत्तर आलं. सर्व्हरबरोबर माझाच पाहुणाही परत उठला होता आणि पुसलेल्या फाइलला घट्ट धरून बसला होता. त्याला थांबवला. जागा मोकळी झाली. नोंदींचा प्रोग्राम उठला. पलीकडच्या खोलीतून सिस्टरचा आवाज आला, "दिसायला लागलं गो, दिसायला लागलं!" आणि मी त्या स्पिरिटच्या वासाच्या खोलीत स्टुलावर बसून ढसाढसा रडले. थोडं सुटल्यामुळे. जास्त त्या धरून ठेवण्यामुळे. तीनदा निघालेल्या माणसाला कोणी धरून ठेवलं होतं, ते मला कुठल्या प्रोग्रामने सांगायची गरज नव्हती.

संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर मी त्यांच्या घरी गेले. मावशी म्हणाल्या, "सकाळी तू गेल्यापासून तासभर हे पायात चपला घालून बसले होते. तू आली नाहीस तेव्हा काढल्या." मी सगळं कबूल केलं, आलेखांचं, नकलेचं, दोन्ही वेळच्या खोट्या महिन्यांचं. काका ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तो पाहुणा उतरवलास ना?" मी हो म्हटलं. "मग झालं. पोहे खाशील?" असं म्हणून त्यांनी डब्यातून मोबाइल काढला, फुंकरला आणि कोणाचा फोन येऊन गेला होता ते बघितलं. माझा एकही नव्हता.

दोन आठवड्यांनी खंडेनवमी आली. सर्व्हरवर झेंडूचं फूल बसलं, जाळी सोडून. काका पेन घेऊन कपाटासमोर उभे राहिले. एकेक ओळ बोटाने खाली आले. नवव्या ओळीला त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली. मग ते दहाव्या ओळीपाशी थांबले, आपल्या नावापाशी. नेहमीसारखाच प्रश्न विचारला, पण या वेळी मला. "याला काढलं तर काय अडेल?" मला पुष्कळ काही सांगायचं होतं. मी म्हटलं, "काही नाही, काका." त्यांनी पट्टी लावून ती ओळ सरळ खोडली. मग पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवलं. त्यांना आनंद झाला होता. मलाही झाला होता, फक्त तो कळायला मला थोडे दिवस लागले.

जायच्या आधी त्यांच्याकडे मलिदा झाला. मोठ्या परातीत पोहे, गूळ, खोबरं, वरून फळं, असा त्यांचा प्रसाद असतो. प्रवासाला निघताना, चांगलं काही घडलं की तो करतात. पोहे आमच्या गिरणीचे होते, वडिलांनी स्वतः निवडून दिलेले. परात मधोमध ठेवून काका हिब्रूत प्रार्थना म्हणाले आणि मध्येच मराठीत म्हणाले, "ही आणि हिचं मशीन सुखी ठेव." दुसऱ्या दिवशी रोहा स्टेशनावर मावशींच्या पिशवीत तो स्टीलचा डबा होता, पोह्यांनी भरलेला. गाडी सुटताना काका म्हणाले, "रविवारी फोन कर. शनिवारी करू नको, तिकडंपण डबा हाय." मावशींनी खिडकीतून माझा हात धरला आणि गाडी हलल्यावर सोडला.

रविवारी फोन होतो. सर्व्हर कसा चाललाय असं काका कधी विचारत नाहीत. "नवीन काय चढवलंस?" एवढंच विचारतात, आणि काही नाही म्हटलं की खूश होतात. नात आता मागून ओरडून मला मराठीत 'ताई' म्हणते. तिकडे मधूनमधून लढाईचे, काळजीचे दिवस येतात, तेव्हा रविवारची वाट मी जास्त बघते. अजूनपर्यंत प्रत्येक रविवारी फोन उचलला गेला आहे.

यंदा तो सर्व्हर म्हातारा झाला म्हणून नवा आला. मी कॅलेंडरचं पान फाडलं, उलटं केलं, पट्टीने तीन रकाने आखले. नऊच्या आठ ओळी झाल्या, कारण एक काम आता युनिक्स स्वतःच करतं. प्रत्येक ओळीच्या तिसऱ्या रकान्यात नाव आहे आणि सगळीकडे ते माझंच नाही. सिस्टरचं आहे, डॉक्टरांचंही एका ठिकाणी आहे. खाली स्वतःचं नाव लिहायचा मला मोह झाला. लिहिलं नाही.

मग जुनं पान काढायला गेले. कोपरा नखाने उचलला. दहाव्या ओळीवर मारलेल्या रेघेखालून काकांचं नाव अजून स्वच्छ वाचता येत होतं. मी सवयीने विचारलं, याला काढलं तर काय अडेल? काहीच अडणार नव्हतं. काकांनी ते पान तेव्हाच फाडून टाकलं असतं, नाहीतर मला टाकायला लावलं असतं. मी उचललेला कोपरा परत दाबून बसवला, चारही बाजूंना डिंक लावला आणि नवं पान त्याच्यावरच चिकटवलं. रविवारी फोनवर हे मी काकांना सांगितलेलं नाही.